हात दिसतो, कपाळ दिसत नाही

१२ मार्च १९६५, शुक्रवार

जुम्म्याच्या नमाजानंतर दुकान उघडलं. नळदुर्गात हमरस्त्यावर, एस.टी. थांबते तिथून हाकेच्या अंतरावर. सोलापूरच्या ठोक व्यापाऱ्यानं नवा दुकानदार म्हणून ही डायरी भेट दिली. कोरी ठेवायची कशाला, म्हणून लिहितो. पहिल्या चार यत्ता उर्दूत शिकलो, मग निजामाचं राज्य गेलं आणि शाळा मराठी झाली. त्यामुळे लिहायला मराठीच बरी पडते.

आमचा धंदा मनियाराचा, बांगड्यांचा. आजवर डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव फिरलो. दुकान काढायची हिंमत केली ती गुलबानोच्या जिवावर. गुलबानो माझी बायको, सख्ख्या खालाची, म्हणजे मावशीची, मुलगी. बाईचा हात नुसता दाबून माप सांगते आणि जाड हाडाच्या हातातही बांगडी न तडकता चढवते. तिचा डावा डोळा जन्मापासून निकामी. उजव्याला जाड चश्मा. पण चश्मा काढून वस्तू नाकाशी धरली की तिला जे दिसतं ते मला दिसत नाही. बांगडीतला केसाएवढा तडा ती लगेच शोधते.

पाटी मी तिला न सांगता रंगवून घेतली. हिरव्या जमिनीवर पिवळी अक्षरं, 'गुलबानो बँगल स्टोअर्स'. समोरचे किराणावाले वीरप्पा म्हणाले, "चाँदपाशा, बायकोचं नाव दाराच्या वर लावलंस. आता घरात तुझा आवाज निघायचा न्हाय." सगळे हसले. गुलबानो पाटीच्या अगदी खाली उभी राहून गेली आणि आत जाऊन माल लावू लागली. एकदासुद्धा वर बघितलं नाही.

माझ्या मनाला लागलं.

२० मार्च

बांगड्यांच्या माळा छताला बांबू बांधून त्यावर टांगल्या. रस्त्यावरून जाणाऱ्या लॉरीवालेही थांबून बघतात. गुलबानोचं डोकं आज तीनदा त्या माळांना लागलं. तिसऱ्या वेळी निळ्या रंगाची अख्खी माळ खाली आली. "समोर बघून चाल की," असं माझ्या तोंडून गेलं. तिच्याशी हे वाक्य बोलू नये हे मला कळतं. ती म्हणाली, "बघूनच चालते की जी," आणि तुकडे वेचत बसली.

संध्याकाळी तिनं विचारलं, "वीज चमकली का?" आभाळ कोरडं ठक्क. म्हटलं, मार्चात कुठली वीज? ती म्हणाली, मग लॉरीचा दिवा असंल.

४ एप्रिल

गिऱ्हाईक जमू लागलं. बाया बांगड्यांसाठी कमी आणि गुलबानोच्या हातासाठी जास्त येतात. तिच्याकडून भरून घेतलं की हात दुखत नाही म्हणतात.

एक गोष्ट मात्र खटकते. दुकान झाल्यापासून तिच्यात थोडी मगरुरी आली आहे. काल मशिदीच्या पेशइमामांची बीवी दारात उभी राहून सलाम करत होती आणि ही खाली मान घालून बांगड्याच लावत बसली. आवाज ऐकल्यावर मग "सलाम, आपा" म्हणाली. वीरप्पांनी ओट्यावरून हात केला, तेही हिनं पाहिलं नाही. वर बसलेल्या माणसाकडे बघायचंच नाही असं तिनं ठरवलेलं दिसतं. पाटीवर नाव लिहिलं ही माझीच चूक असावी.

आणि डास नसताना डास हाकलत असते. विचारलं तर म्हणते, बारीक बारीक काळं कायतरी फिरतंय.

१३ एप्रिल, बकरीद

खाला आल्या. सकिनाबी, गुलबानोच्या आई. जेवणं झाल्यावर नेहमीप्रमाणे हवेची गोष्ट निघाली. खालू, म्हणजे खालांचे मियाँ, हैदराबादला एका नवाबाच्या मोटारीवर ड्रायव्हर होते. गुलबानो सातव्या महिन्यात झाली. "तळहातावर मावंल एवढी. रंग जांभळा. सगळे म्हणाले, कफनाची तयारी करा. मी म्हटलं, नक्को." खालांनी खालूंना तसंच पळवलं नवाबाच्या बेगमसाहेबांकडे. बेगमसाहेबांच्या शब्दावर गोऱ्या लोकांच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत जागा मिळाली. लोखंडी नळकांड्यातून रबरी नळीनं पेटीत हवा सोडत. "विलायतेची हवा. त्या हवेनं हिला जगवलं." खाला हे सांगताना दरवेळी गुलबानोच्या पाठीवरून हात फिरवतात.

डोळे तेव्हापासूनच असे. लहानपणी ज्या डॉक्टरनं पाहिलं तो म्हणाला होता, बिघडायचं ते जन्माच्या वेळीच बिघडलं. आता वाढायचं नाही, कमी व्हायचं नाही. एक डोळा आहे तो जपा. आम्ही सगळे त्या शब्दावर निश्चिंत आहोत. दुकान काढलं तेही त्याच भरवशावर. तो एक डोळा आहे म्हणून धंदा आहे.

गुलबानो आज गप्प होती. दुकान तिला पसंत नाही की काय?

६ मे

मोहरमचे दिवस. आपल्यातल्या बाया या दिवसांत बांगड्या भरत नाहीत. अशात वीरप्पांच्या मुलीच्या लग्नाचा चुडा भरायचं काम मिळालं म्हणून मी खुशीत होतो. तिथं आज जे झालं ते लिहितो.

चुडा भरताना मनियाराची बाई सतरंजीवर बसते आणि बाया एकामागून एक येऊन हात पुढं करतात. नवरीचं झालं, नवरीच्या आईचं झालं, मग घरातल्या सगळ्या सवाष्णी. वीरप्पांच्या थोरल्या बहीण इरम्मा तरुणपणीच विधवा झालेल्या. त्यांनी गुलबानोला चहा दिला होता. रिकामा पेला परत घ्यायला त्यांनी हात पुढं केला. गुलबानोनं तो हात धरला, दाबून माप घेतलं आणि हिरवी बांगडी चढवली.

सगळा मांडव चिडीचूप झाला म्हणे. विधवेच्या हातात हिरवी बांगडी ठेवायची कशी? आणि लग्नघरात बांगडी फोडायची कशी? 'फुटली' हा शब्दसुद्धा तिथं कुणी काढत नाही, 'वाढवली' म्हणतात. कुणालाच काही सुचेना. शेवटी गुलबानोच इरम्मांना न्हाणीत घेऊन गेली आणि साबणाचा फेस करून बांगडी अख्खी उतरवली. अशी बसती बांगडी अख्खी उतरवणारी दुसरी बाई या गावात नाही. पण ती चढवली कशाला?

वीरप्पा रागावले नाहीत. म्हणाले, "पोरीचं लगीन हाय, म्या काय बोलत न्हाय. पर बाया बोलत्याल."

घरी आल्यावर मी बोललो. म्हटलं, बिनाकुंकवाचं कपाळ दिसत नाही तुला? माणसाच्या तोंडाकडे बघायला काय होतं? ती चश्मा पुसत बसली.

८ मे

पुढल्या आठवड्यातल्या दोन लग्नघरांनी निरोप पाठवले. चुडा तुळजापूरच्या कासाराकडून भरून घेणार आहेत.

९ मे

दुपारी इरम्मा दुकानात आल्या. गुलबानो घरी होती. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. मी माफी मागायला लागलो तर म्हणाल्या, "ते राहू दे. बस खाली. तुला एक इचारायचंय. तुझी बायकू वर बघती कशी, कवा बघितलंस का?"

मी म्हटलं, "अक्का, ती वर बघतच नाही. तिथंच तर तिची मगरुरी."

"मगरुरी?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "अरं, न्हाणीत ती माज्याशी बोलत हुती. माजं तोंड बघायला तिनं मान पार मागं टाकली, कोंबडी पाणी पिती तशी. तवा कुठं तिला मी घावले. तिला हात दिसतो चाँदपाशा, कपाळ दिसत न्हाय. वरचं काय बी दिसत न्हाय."

मी म्हटलं, तिचे डोळे जन्मापासूनच अधू आहेत.

"जल्मापासनं कोंबडीवानी बघत हुती का?"

निघताना त्या ओट्यावर थांबल्या. "आनि तिला बोलू नको. मला राग न्हाय आला. लई वरसांनी हाताला कायतरी गार लागलं, बास." मग लगेच, "हे वीरप्पाला सांगशील तर याद राख."

रात्री जेवणानंतर मी गुलबानोला समोर बसवलं. माझ्या डोळ्यांकडे बघ म्हटलं. "बघते की." माझं कपाळ दिसतं का? मी हात छातीपाशी धरून वर नेत गेलो. भुवईच्या वर गेला तशी ती म्हणाली, "गेला."

कधीपासून?

"थंडीत सुरू झालं. अगोदर चमकायचं. मग वरून काळं उतराय लागलं, दुकानाचा पडदा खाली ओढतात ना, तसं. आधी लई वर होतं."

सांगितलं का नाही?

"दुकान तुमी माझ्या हातावर काढलंत. डोळ्याचं सांगितलं असतं तर काढलं असतं का?" मग तिनं विचारलं, "पाटीचा रंग कोणता हाय जी? बाया म्हणतात लई झ्याक हाय."

मी रंग सांगितला. मागची पानं आत्ता वाचली. 'मगरुरी' हा शब्द खोडावा असं वाटलं. खोडला नाही.

११ मे

सोलापूर. खालाही बरोबर आल्या. डोळ्यांचे डॉक्टर म्हातारे आहेत, सावकाश बोलतात. त्यांनी डोळ्यात औषध घालून अंधाऱ्या खोलीत बराच वेळ दिवा धरून पाहिलं. मग पहिला प्रश्न खालांना, "मुलगी दिवस भरायच्या आधी झाली का?"

खालांनी सगळी गोष्ट सांगितली. पेटी, नळी, बेगमसाहेब.

मग त्यांनी समजावलं ते मला समजलं तसं लिहितो. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो, भिंतीला कागद चिकटवावा तसा. पोर लवकर झालं तर त्या पडद्याच्या रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचलेल्या नसतात. मग त्या वेड्यावाकड्या वाढतात आणि वण राहतो. पोर वाढतं, डोळा वाढतो, आणि तो वण वर्षानुवर्षं पडद्याला ओढत राहतो. विसाव्या वर्षी सुटेल, चाळिसाव्या वर्षी सुटेल. "हे दुखणं लहानपणी संपत नाही. झोपतं." हिचा पडदा खालच्या बाजूनं सुटला आहे. डोळ्यात चित्र उलटं उमटतं, म्हणून हिला वरचं दिसत नाही. आता तो मधल्या भागाच्या अगदी जवळ आला आहे. तिथं पोचला की हातही दिसणार नाहीत. मिरजेला शस्त्रक्रिया होते, ताबडतोब जा, म्हणाले.

खालांनी विचारलं, "त्या हवेनं डोळे वाचवले नाहीत का, साहेब?"

डॉक्टर म्हणाले, "आजी, खरं सांगू का? ती हवा जास्त झाली की लवकर जन्मलेल्या पोरांचे डोळे बिघडतात. आम्हाला हे दहा-बारा वर्षांपूर्वी कळलं. तेव्हा जगात कुणालाच माहीत नव्हतं."

"म्हणजे हवेनं झालं."

"हवेनंही झालं असेल. नुसतं लवकर जन्मल्यानंही होतं."

"आनि दिली नसती तर?"

"तर ही मुलगी आज इथं बसली नसती असं मला वाटतं."

परतीच्या गाडीत खाला खिडकीबाहेर बघत होत्या. बोरामणीच्या पुढं आल्यावर म्हणाल्या, "तुझ्या अब्बांना मीच पळवलं. ते म्हणत होते, अल्लाची मर्जी."

गुलबानो म्हणाली, "पळवलंत म्हणून तर तुमच्याशी भांडायला मी हाय, अम्मी. आता ते पानदान इकडं द्या. किती दाबून धरताव."

२ जून, मिरज

कुर्डुवाडीवरून छोट्या गाडीनं आलो. शस्त्रक्रिया होऊन आठवडा झाला. दोन्ही डोळ्यांवर पट्टी आणि डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. उताणं पडून राहायचं. शिंक आली तरी नर्स धावत येते.

मी खाटेजवळ बसून असतो. काय बोलावं सुचत नाही. तिला सुचतं. नाडी बघायला नर्सनं मनगट धरलं की ही उलट तिचाच हात दाबते आणि बांगडीचं माप सांगते, "सव्वादोन." दुसरीला म्हणाली, "अडीच, पर अंगठ्याचं हाड नाठाळ हाय, साबण लागंल." आता शेजारच्या खाटांवरच्या बायाही हात देऊन जातात. एकीचा हात धरून ही थांबली आणि म्हणाली, "तुमी बांगड्या घालत न्हाई ना?" ती म्हणाली, नाही. "मग मापाचं राहू द्या. हात मऊ हाय तुमचा."

मला भीती वाटते ती एवढीच की डोळा गेला तरी ही अशीच राहील, आणि मला राहता येणार नाही.

१६ जून

पट्टी सोडली. पहिल्यांदा तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "दाढी करा." डॉक्टरही हसले.

मग त्यांनी तपासून सांगितलं. पडदा बराचसा बसला. मधलं वाचलं. वरचं गेलं ते परत येणार नाही. माझ्या कपाळाचं विचारलं तर गुलबानो म्हणाली, "न्हाय. पर भुवया आता पक्क्या दिसतात."

डोक्यावर टोपली कधीच घ्यायची नाही. वाकून घागर उचलायची नाही. सहा महिन्यांनी दाखवायचं, आणि हे जन्मभर. पुन्हा चमकलं, काळे ठिपके वाढले, पडदा उतरला, तर त्याच दिवशी निघायचं. उद्या नाही, बाजार झाल्यावर नाही. तो जन्मापासूनचा वण तिथंच आहे आणि ओढत राहणार आहे. हे डॉक्टर तिला सांगत होते, बघत मात्र माझ्याकडे होते.

११ जुलै

दुकान पुन्हा सुरू झालं. बांबू काढून टाकला, माळा भिंतीवर कमरेच्या उंचीला लावल्या. गुलबानो हात धरायच्या आधी आता विचारते, "कोण बसलंय?" बाया नाव सांगतात. ज्या दोन घरांनी चुड्याचं काम मोडलं होतं त्यांतल्या एका घरची सून आज येऊन बसली. नाव सांगताना जरा अडखळली. गुलबानोनं तिला इतरांसारखंच भरलं.

मी रोज सकाळी हात वर नेऊन तिची परीक्षा घेतो. आज ती उखडली. "अल्लाचं नाव घ्यायच्या आधी रोज तुमची बोटं मोजायची? मी काय शाळंत हाय?"

मी म्हटलं, "तू थंडीपासून लपवलंस. मी विचारणार नाही तर कळेल कसं?"

"मी सांगीन."

"कशावरून?"

"कशावरून ते माझ्याजवळ न्हाय. तुमी इचारणं बंद करा, मग कळंल."

१२ जुलै

विचारलं नाही. विचारण्यापेक्षा हे जास्त अवघड आहे. तिनं पदर सावरायला मान वळवली तरी मला धस्स होतं. तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, तर? डोळा एकच आहे.

१९ जुलै

विचारलं नाही. तिला ठेच लागली, तेव्हाही नाही. दगड खरोखरच वर आलेला होता, नंतर मी जाऊन पाहिलं.

३० जुलै, सोलापूर

नात्यातल्यांकडे मुक्काम आहे. झोप नाही म्हणून लिहितो.

काल बाजार होता. नागपंचमीच्या आधीचा बाजार म्हणजे आमची दिवाळी. माहेरी आलेल्या पोरी, त्यांच्या आया, सासवा, ओट्यापर्यंत दाटी. वीरप्पांनी गर्दी बघून ओरडून सांगितलं, "चाँदपाशा, आज तुझा आवाज तसाबी कुणाला ऐकू यायचा न्हाय." मी माल काढून देत होतो, गुलबानो भरत होती. जळकोटची एक नवी लग्न झालेली पोरगी समोर बसली होती. दोन बांगड्या चढल्या असतील, आणि गुलबानो नेहमीच्या आवाजात मला म्हणाली, "सकाळपास्नं चमकतंय. सांगते म्हटलं होतं."

माझ्या हातात कुलूप कधी आलं ते कळलं नाही. मी म्हटलं, ऊठ.

"हात पुरा करू द्या. अर्धा हात सोडत न्हाईत."

मनियाराच्या घरात हे मी लहानपणापासून ऐकलं आहे. सुरू केलेला हात अर्धा सोडायचा नाही. मी कुलूप धरून उभा राहिलो. ती पोरगी घाबरून हात मागं घ्यायला लागली तर गुलबानो म्हणाली, "सैल सोड ग. घाई तुला न्हाय, त्यांना हाय." शेवटची बांगडी चढवून तिनं तो हात दोन्ही हातांनी धरून खाली ठेवला. बाकीच्या बाया विचारू लागल्या, काय झालं? मी काहीतरी सबब सांगणार होतो. तिनंच सांगितलं, "माझ्या डोळ्यात चमक आली. सोलापूरला चाललो. पंचमीला तुळजापूरचा माल भरा, तोबी चांगला असतो."

बायांनी वाट करून दिली.

डॉक्टरांनी आज सकाळी पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो, एकच महिना, पुन्हा पुन्हा. शेवटी त्यांनी दिवा बाजूला ठेवला. नवं काही सुटलेलं नाही. वण ओढतो तेव्हा चमकतं. कधी नुसतंच चमकेल, कधी त्याच्या मागून पडदा सुटेल. दोन्हींतला फरक घरी कळत नाही.

गुलबानो ओशाळली. म्हणाली, "उगीच आणलं यांना. पंचमीचा बाजार बुडाला."

"शंभर वेळा चमकलं तर शंभर वेळा या," डॉक्टर म्हणाले. "नव्याण्णव वेळा मी तुम्हाला असाच परत पाठवीन."

उद्या सकाळच्या गाडीनं परत. ती आता झोपली आहे. चश्मा उशाशी न ठेवता हातातच धरून झोपली आहे, मी तो काढून घेतला तरी जागी झाली नाही.

काल सकाळी मी तिला काहीच विचारलं नव्हतं.